तळपायांची आग

६ मार्च

मावशी,

नमस्कार. दर वेळी ‘पायांवर डोकं ठेवतो’ असं लिहितो, पण या वेळी तक्रारच पायांची आहे, तेव्हा त्यांना जास्त त्रास नको. लांबूनच नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. तळपायांची आग होते, रात्री पाय पांघरुणाबाहेर काढून फरशीला टेकवावे लागतात, घसा सारखा सुकतो, आणि मशीनचं पॅडल मारताना निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखं होतं, असं तू लिहिलंस. ‘पाय थांबले तर मशीन थांबेल आणि मशीन थांबलं तर मी करू काय?’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. खरं सांगतो, वाचून मला आधी बरं वाटलं. तुला त्रास होतो म्हणून नाही गं. यावरचा इलाज मला ठाऊक आहे म्हणून. आजवर तूच मला सगळं दिलंस, मला कधी काही द्यायला जमलं नाही.

झालं असं की बेकरीत मला पीठ तोलण्यावरून काढून भट्टीवर घेतलं. पहिले काही दिवस बरे गेले. मग तोंड आलं. पाणीसुद्धा झोंबायचं. डोळे लाल, लघवीला जळजळ, डोक्यावर हात ठेवला तर पाव शेकून निघेल अशी गत. आणि राग! एकदा आमच्या भट्टीवाल्या काकांवर ओरडलो. ते नुसते म्हणाले, “तराजू, तुझा आतला पाव करपतोय. समोर जा.” तू ठेवलेलं तराजू हे नाव मी इथे चुकून सांगून बसलो आणि आता मला तसं म्हणणारी तू एकटी राहिली नाहीस.

समोर म्हणजे वैद्यांकडे. आमच्या बेकरीच्या समोरच्या पायऱ्या चढलं की त्यांचा दवाखाना आहे. रोज संध्याकाळी आमच्याकडून बिनसाखरेचे टोस्ट नेतात. त्यांनी माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, झोपतो कधी, खातो काय, घाम कसा येतो, सगळं विचारलं. मग म्हणाले, शरीरही भट्टीच आहे. आच कमी पडली तर पाव कच्चा राहतो, जास्त झाली तर वरून काळा होतो आणि आतून कच्चाच. पित्त म्हणजे ही आच. ती विझवायची नाही, बेतात ठेवायची.

त्यांनी सांगितलं तसं मी वागलो आणि खरोखर माणसात आलो. म्हणून तुला सगळं नीट लिहितो. आंबट, खारट, तिखट, तळलेलं आणि शिळं बंद. चहा कमी, आणि उपाशीपोटी तर नाहीच. रात्री दही नको, ते थंड लागतं पण पोटात गेलं की उष्ण पडतं. धने आणि जिरं रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून खडीसाखर घालून प्यायचं. काळ्या मनुका भिजवून, चावून खायच्या. दुधात चमचाभर तूप. गोड चवीनं पित्त शमतं, म्हणून दुपारी घसा सुकला की खडीसाखरेचा खडा तोंडात धरायचा. जागरण नको. झोपताना तळपायांना तूप चोळायचं. आणि हे तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: पहाटे दव असताना गवतावर अनवाणी चालायचं.

मनुका आणि खडीसाखर सोबत पाठवतो आहे. काल टोस्ट घेऊन जाता जाता वैद्य आणखी दोन वाक्यं बोलले, पण ती माझ्यापुरती होती, म्हणून इथे लिहीत नाही.

माझी खोली छान आहे. मोठी खिडकी आहे, वारा येतो. माझी काळजी करू नकोस.

तुझा
तराजू


१९ मार्च

तराजूराव,

तुमचं पथ्यपाणी मिळालं. मनुकाही मिळाल्या. पत्र इतकं रेखीव आहे की चुलीशी टाचून ठेवलं असतं, पण तूप उडेल म्हणून मशीनच्या खणात ठेवलंय.

माझ्या बहिणीनं जाताना तुला माझ्या पदरात टाकलं तेव्हा तू एवढासा होतास आणि दुधात साखर किती घातली ते चमच्यानं मोजून घ्यायचास. आता मला मोजून देतोस. बरं वाटतं रे.

खालचे घड्याळजी म्हणाले, “भाच्याचं पत्र म्हणजे औषध नाही, बाई. एकदा दवाखान्यात दाखवून या.” मी म्हटलं, तुम्ही लोकांची घड्याळं बघा, माझे पाय मी बघते. तोंड एवढंसं करून गेले. भिंगातून बघायची सवय, त्यांना सगळं मोठंच दिसतं.

मागच्या अंगणात गवत आहे, तिथे पहाटे फिरते. शेजारच्या बायका हसतात. हसू देत. धन्याचं पाणी सकाळी एकदा म्हणालास, मी संध्याकाळीही पिते. खडीसाखर घालूनच. गोड खायला कोणी सांगितलं तर मी काय नको म्हणणार? जन्मात पहिल्यांदा जिभेला आवडेल असं पथ्य मिळालंय.

एक विचारायचं होतं. मी सकाळी एक गोळी घेते. साधीच आहे, वयाची. या गोळ्या उष्ण पडतात असं ऐकलंय. त्यानंच ही आग होत असेल का रे? तुमच्या वैद्यांना विचारशील?

जेवत जा. खिडकीजवळ झोपतोस तर पहाटे अंगावर घेत जा.

मावशी


२४ मार्च

मावशी,

नमस्कार.

गोळीचं विचारलंस. वैद्य दोन दिवस बाहेरगावी गेलेत, पण मला वाटतं तुझा अंदाज बरोबर आहे. गोळ्या उष्णच असतात. मीही तोंड आलं तेव्हा दुकानातून गोळ्या आणून घेतल्या होत्या आणि त्यांनी त्रास वाढलाच होता. साधी वयाचीच गोळी असेल तर महिनाभर बंद ठेवून बघ. आपण एका बाजूनं पाणी ओतायचं आणि दुसऱ्या बाजूनं लाकडं सारायची, असं व्हायला नको.

घड्याळजींना माझा नमस्कार सांग. त्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांना तरी आयुर्वेदातलं काय कळतं?

मनुका संपत आल्या की कळव. बेकरीत केकसाठी चांगल्या येतात, मालकांना सांगून घेतो. आज कामावरून येताना वाटत होतं, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय.

तुझा
तराजू


३० एप्रिल

तराजूराव,

पेढे वाटायला हवेत! पायांची आग थांबली.

खरंच थांबली. आधी रात्री थांबली, मग दिवसाही. आता तर पाय आहेत की नाहीत तेही कळत नाही, इतके हलके झालेत. परवा दळण घेऊन आले, जिना चढले, खोलीत आल्यावर बघते तर एका पायात चप्पलच नाही. खालच्या पायरीवर राहिली होती. पोटभर हसले. पॅडलवरही तसंच. पाय मारते आहे की मशीन आपोआप चालतंय, समजत नाही. दिवसात दोन झगे जास्त होतात.

तहान मात्र अजून आहे. उन्हाळाच तसा आहे म्हणा. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. आणि मी बारीक झालेय, पोलकी सगळी आत घ्यावी लागली. घड्याळजी म्हणतात चेहरा उतरला. मी म्हटलं, वय उतरलं म्हणा.

गोळी तू म्हणालास तेव्हापासून बंदच आहे.

तुझ्या वैद्यांना सांग, एका शिंपिणीचे पाय तुम्ही थंड केले. आणि मनुका पाठव.

मावशी


७ मे

मावशी,

नमस्कार. हे पत्र मिळाल्याबरोबर वाच आणि लगेच उत्तर दे.

तुझं पत्र घेऊन मी अभिमानानं समोर गेलो. वैद्य टोस्टची पुडी बांधून घेत होते. म्हटलं, तुमच्या पथ्यानं माझ्या मावशीची आग थांबली. त्यांनी विचारलं, “मावशीची? मी कुठे पाहिलं त्यांना?” मी पत्र वाचून दाखवलं. चपलेपाशी आलो, तर हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

म्हणाले, पुन्हा वाच. वाचलं.

“आग थांबली, की कळेनाशी झाली?”

मग ते एकामागून एक विचारत गेले. तहान? आहे. रात्री उठावं लागतं? लागतं. वजन? कमी झालं. तूप-साखर खाऊनही कमी झालं? मी हो म्हटलं. गोळी कसली? मी सांगितलं, वयाची, मी बंद करायला लावली. तेव्हा त्यांनी पुडी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, “अरे, पित्तानं पाय जळतात तसे मधुमेहानंही जळतात. त्याला तू खडीसाखर चारलीस? आणि अनवाणी फिरवलंस?”

मावशी, ती गोळी कसली होती? डॉक्टरांनी दिली होती का? पाकिटावरचं नाव लिहून पाठव. ती आजच पुन्हा घे. नाही, आधी डॉक्टरांकडे जा, ते सांगतील तसंच कर. साखर बंद कर. मनुका बंद कर. अनवाणी चालू नकोस. रोज पाय उलटे करून बघ, कुठे काही लागलंय का. मला सारखं वाटतंय की वैद्य चुकत असतील. ते चुकू देत.

तराजू


९ मे

तुझं खरं नाव तुझी मावशी सांगत नाही, म्हणून तराजू असंच लिहितो.

मी खालचा घड्याळवाला. लिहायची सवय नाही, जे झालं ते सांगतो.

काल सकाळी तुझी मावशी जिना उतरत होती. मी दुकान उघडत होतो. पायरीवर लाल ठिपका दिसला, मग पुढच्या पायरीवर आणखी एक. म्हटलं, बाई, पाय दाखवा. म्हणाल्या, “चला, काहीतरीच.” मी ऐकलं नाही. स्टुलावर बसवलं, डोळ्याला भिंग लावलं. तळव्यात टाचणी होती. डोक्यापर्यंत आत गेलेली, शिवणातली, मण्याच्या डोक्याची. भोवती पिकलं होतं, म्हणजे त्याच दिवसाची नव्हती. घड्याळाच्या चिमट्यानं काढली. त्या मला विचारत होत्या की काढली का? मी म्हटलं, कधीच. त्या म्हणाल्या, “मला वाटलं तुम्ही अजून शोधताय.”

हे ऐकून मला फार भीती वाटली.

दवाखान्यात नेलं. साखर इतकी वाढलीय की डॉक्टरांनी घरी पाठवलंच नाही. पाऊल काळवंडलंय. दोन बोटांचं काही सांगता येत नाही म्हणाले. पूर्ण पाय वाचावा म्हणून प्रयत्न चालू आहेत.

मशीनच्या खणात तुझी पत्रं सापडली. मी वाचली. परक्याची पत्रं वाचायची नसतात, पण गोळ्या कुठल्या ते बघायचं होतं. रागानं लिहिणार होतो. मग तुझं अक्षर पाहिलं आणि राग कोणावर काढू ते कळेना. मीही रोज त्यांचा उतरलेला चेहरा बघत होतो आणि पुन्हा एकदा सांगितलं नाही. त्या चिडतील म्हणून.

शक्य असेल तर ये.

घड्याळजी


२१ मे

मावशी,

नमस्कार.

घड्याळजींचं पत्र मिळालं. दोन बोटं काढावी लागली आणि बाकीचा पाय वाचला हेही त्यांनी कळवलं. मी लगेच निघणार होतो, पण बेकरीत मोठं काम आलं आणि मालकांनी रजा दिली नाही. मी खूप विनवलं. जुलै लागल्यावर बघतो म्हणाले.

मी काय लिहू? चूक माझी आहे. सकाळी भट्टीचं दार उघडतो तेव्हा पहिला झोत तोंडावर येतो, तेव्हाच फक्त दोन क्षण डोक्यात काही नसतं. मग पुन्हा ते सगळं सुरू होतं. भट्टीवाले काका म्हणतात, “जाणूनबुजून थोडंच केलंस?” पण मला ठाऊक आहे, त्यात थोडं जाणूनबुजून होतं. ते कधीतरी सांगेन.

वैद्य मला रोज बोलावतात. मी जात नाही. त्यांच्या टोस्टची पुडी मीच बांधतो आणि दुसऱ्याच्या हाती देतो.

डॉक्टरांचं ऐक. माझं ऐकू नकोस.

तराजू


१४ जून

बाळा,

आज पहिल्यांदा उशाला टेकून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं. तुझ्यासमोर तसंही माझं अक्षर लाजतंच.

मालकांनी रजा दिली नाही ना? मग बारा तारखेला संध्याकाळी माझ्या वॉर्डच्या दारात कोण उभं होतं? निळा सदरा, मीच शिवलेला, कॉलर मी थोडी उलटी लावली होती, ती दुरूनही ओळखू येते. हातात पिशवी. डोळे माझ्या पायाकडे. मी डोळे मिटून होते, झोपले नव्हते. वाटलं, आत येशील, मग उघडू. तू आलाच नाहीस. मीही हाक मारली नाही. का मारली नाही ते सांगते.

माझ्याकडूनही एक राहिलंय.

ती गोळी वयाची नव्हती. मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखर आहे, गोड बंद. मी तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू नोकरी सोडून येऊन बसला असतास आणि माझ्या ताटातला दाणा न् दाणा मोजला असतास. पायांची आग झाली तेव्हा मला मनातून माहीत होतं कशानं होतेय. तरी ‘उष्णता’ असं लिहिलं. उष्णता म्हटलं की माणूस आजारी नसतो, नुसता गरम असतो.

आणि मग तुझं पत्र आलं, खडीसाखर घे म्हणून. डॉक्टरांच्या चिठ्ठीत गोड नव्हतं, तुझ्या चिठ्ठीत होतं. आता तूच सांग, माझ्यासारखी बाई कोणाचं ऐकणार? मी संध्याकाळचाही पेला वाढवला तो काय तू सांगितला होतास? मी तुझ्या आडून खाल्लं रे. तुला वाटतं तू मला फसवलंस. मी तुझा पदर धरून स्वतःला फसवलं. आणि आजारी पडल्यावर तुला तसंच जळत ठेवलं, सांगितलं नाही. दारात उभा असताना तुझा चेहरा बघितला आणि मला माझीच लाज वाटली, म्हणून डोळे मिटले.

तेव्हा दोष अर्धा अर्धा वाटून घेऊ. मोठा तुकडा मला. गोडाचा आहे, तुला देणार नाही.

आता कामाचं. पाय राहिला. मशीन चालवता येईल म्हणतात, जखम भरली की. डावीकडच्या पायानं सवय करावी लागेल, सुरुवातीला टाके दारू प्यायल्यासारखे पडतील. पण आयुष्यभर अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. मऊ, बंद, आत शिवण न टोचणारे जोडे हवेत आणि इथला जोडेवाला हे पाऊल बघून मान हलवतो. तुमच्याकडे चांगला कोणी असेल तर करून आण. घड्याळजींनी माझं पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आहे. तो कागद सोबत आहे. त्यांचा हात किती स्थिर आहे बघ.

आणि ‘जाणूनबुजून’ काय होतं ते लिही. आता तुझी पाळी.

मावशी


१९ जून

मावशी,

माझी पाळी आहे, म्हणून लिहितो.

वैद्यांनी जाता जाता सांगितलेली दोन वाक्यं मी तुला लिहिली नव्हती. ती माझ्यापुरती नव्हती, तुझ्यासाठीच होती. मी त्यांना म्हटलं होतं की हेच माझ्या मावशीला लिहून पाठवतो, तिचेही पाय जळतात. ते म्हणाले, “हे पथ्य तुझ्या देहाचं आहे, तिच्या नाही. तिला न बघता मी धन्याचा एक दाणा सांगणार नाही, घेऊन ये.”

घेऊन ये, एवढंच करायचं होतं. पण आणलं असतं तर तू कुठे उतरली असतीस? माझ्या खोलीत. मावशी, माझ्या खोलीला खिडकी नाही. भट्टीच्या वरचा माळा आहे, मैद्याच्या पोत्यांच्या कडेला माझी गादी. खालून रात्रभर ऊब येते. इतकी वर्षं तू पॅडल मारून मला मोठं केलंस आणि मी असा राहतो, हे तुला दिसायला नको होतं. खिडकी वाचवायला मी ती दोन वाक्यं गाळली. म्हणून मोठा तुकडा तुझा नाही. तो माझाच आहे, आणि तो गोडाचा नाही.

त्या संध्याकाळी मी आलो होतो. पिशवीत मनुका होत्या. सवयीनं आणल्या होत्या. दारात लक्षात आलं आपण काय आणलंय, आणि पुढे पाऊल पडेना. परत जाताना स्टेशनावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

काल रात्री काम संपल्यावर कागद उघडला. टाच आली, मग कड, मग चवडा. अंगठ्यापाशी रेघ गोल वळली, त्याच्या शेजारच्या बोटापाशीही वळली, त्यापुढच्या बोटापाशीही. आणि पुढे जिथे आणखी दोनदा वळायला हवी होती, तिथे घड्याळजींचा स्थिर हात सरळ खाली आला.

मी कागद पिठाच्या टेबलावर पसरला आणि त्यावर डोकं ठेवलं. मार्चमध्ये लांबूनच केलेला नमस्कार राहिला होता.

भट्टीवाल्या काकांनी पाहिलं. फक्त म्हणाले, “कागदाला पीठ लागेल.” आणि आपल्या पंच्यानं टेबल पुसून दिलं.

आज सकाळी वैद्यांकडे गेलो. ते म्हणाले, डॉक्टर सांगतात तेच चालू दे, तिथे मी लुडबुड करणार नाही, पण जोडेवाला मी दाखवतो. दाखवला. म्हातारा आहे, त्यानं कागद हातात घेऊन रेघेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “दुसरा पाय?” मी म्हटलं, तो पूर्ण आहे. म्हणाला, “तरी त्याचंही माप लागेल. एक पाय दुखावला की माणूस दुसऱ्यावर भार टाकतो.”

दुसऱ्या पावलाचं माप मी स्वतः घ्यायला येतोय. उद्या पहाटेच्या गाडीनं निघतो. मालकांना रजा मागितली नाही, जातो एवढंच सांगितलं. या वेळी पिशवीत फक्त पेन्सिल आणि कागद असेल.

डोळे उघडे ठेव.

तराजू